कोड निशाकडे जातो

सत्यभामाबाईंचा फोन गेला तो भिलाईतल्या रिसालीच्या बाजारात. जानेवारीतली संध्याकाळ होती. लाखडीची भाजी नुकतीच यायला लागली होती आणि त्या ढिगाशी वाकून पानं कोवळी आहेत का ते बघत होत्या. उठून पिशवीत हात घातला तर भाजी होती, टमाटे होते, फोन नव्हता. शेजारच्या बाईने आपल्या फोनवरून त्यांचा नंबर लावून दिला. तो बंद लागला.

त्यांचे पती शामराव रागावले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुपेल्यातून नवा फोन आणला आणि स्वतःच्या फोनात रिकामं पडलेलं दुसरं सिम काढून त्यात टाकलं. सत्यभामाबाईंनी भीत भीत विचारलं, जुन्याच नंबरचं सिम मिळत नाही का.

"त्याले आधार लागते, अंगठा लागते, लाइनीत उभं राहा लागते," शामराव म्हणाले. "कावून पाहिजे तुले जुना नंबर? तुले कोणाचा फोन येते?"

सत्यभामाबाई पिशवी उचलून आत गेल्या. त्यांच्या फोनवर रोज निरोप येत होता, आणि तो ज्या मुलीचा येत होता तिचं नाव या घरात घ्यायचं नाही असं शामरावांनीच सांगून ठेवलं होतं.

निशा ही त्यांची एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकली, दोन वर्षं इथल्याच एका दवाखान्यात राबली. मग गोंदियाकडचं स्थळ आलं, रेल्वेतला मुलगा, त्यांच्या गावाकडची, साकोलीची ओळख निघाली. साक्षगंध झालं, अंगठ्या घातल्या गेल्या. नंतर कधीतरी बोलता बोलता मुलाकडच्यांनी सांगितलं की लग्नानंतर सुनेने नोकरी केलेली त्यांना चालणार नाही. निशाने बापाला सांगितलं. शामराव म्हणाले, होईल सगळं बरोबर, लग्न तर होऊ दे. तिने पुन्हा सांगितलं, ते पुन्हा तेच म्हणाले. लग्नाला आठवडा उरला होता, विहारातल्या भंतेजींना निरोप गेला होता, आणि निशा मस्कतला निघून गेली. तिथल्या दवाखान्याचं पत्र तिच्याजवळ आधीपासून होतं.

गावाकडून माणसं आली होती. शामरावांना एकेका पाव्हण्यासमोर उभं राहून सांगावं लागलं. स्टील प्लांटात कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर नोकरी काढलेला माणूस, आयुष्यात कोणाशी खाली मान घालून बोलला नव्हता. त्या दिवशी त्यांनी निशाचा नंबर आपल्या फोनात ब्लॉक केला आणि बायकोला म्हणाले, आजपासून तिचा विषय नाही. नातेवाइकांनी निशाला फोन करून इतकं सुनावलं की तिने तो नंबरच टाकून दिला आणि नवा कोणालाही कळवला नाही.

आईसाठी मात्र जाण्यापूर्वी ती एक सोय करून गेली होती. व्हॉट्सॲपवर नातेवाइकांचे ग्रुप, कोणी ना कोणी बापाला सांगितलंच असतं, म्हणून तिने आईच्या फोनात दुसरंच एक ॲप टाकलं आणि आईच्या नावाने त्यात खातं काढलं. आईने फक्त निळ्या चौकोनावर बोट ठेवायचं, की निशा समोर. ती फोटो टाकायची, बोलून निरोप टाकायची, रविवारी फोन करायची. शामराव सकाळी फिरायला गेले की सत्यभामाबाई मागच्या अंगणात मुनग्याच्या झाडाखाली बसून तिचे निरोप ऐकायच्या. नवा आला नसला तर जुना ऐकायच्या. निशाच्या खोलीत खिडकी कुठे आहे, तिच्यासोबत राहणारी सोनल नावाची केरळकडे वाढलेली मराठी मुलगी भात कसा करते, कुठल्या वॉर्डातली म्हातारी निशालाच हाक मारते, हे सगळं त्यांना पाठ होतं. घरात दोन माणसांचा स्वयंपाक करताना त्यांच्या मनात तिसऱ्या माणसाचा दिवस चालू असायचा.

फोन गेला त्याच्या आदल्या दिवशी निशाचा एक निरोप आला होता. "आई, तुझ्यासोबत एक बोलायचं हाय. असं टाकून नाई सांगत, रविवारी फोन करते." तो रविवार आला तेव्हा सत्यभामाबाईंच्या हातात नवा, चकचकीत फोन होता, आणि त्यात निशा कुठेच नव्हती.

बरेच दिवस त्यांनी वाट बघितली. कशाची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नवा फोन हातात घेऊन बसायच्या, जणू तो आपणहून काही बोलेल. शेवटी भाचीला भेटून येते असं सांगून त्या ऑटोने नेहरू नगरला गेल्या आणि रीनाला गाठलं.

रीना निशाची शाळेपासूनची मैत्रीण. आता एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसायची. निशा गेली तेव्हा रीना तिला एवढंच म्हणाली होती की साक्षगंधाच्या आधी बोलायचं होतं ना गं. त्यावरून दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. निशाचा नवा नंबर रीनाजवळही नव्हता. निशाने फेसबुक कधीचं बंद केलेलं होतं. पण सत्यभामाबाई दारात उभ्या दिसल्या तशी रीना उठून आली आणि त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली.

ॲप पुन्हा टाकायला काहीच अडचण आली नाही. अडचण पुढे होती. पासवर्ड काय, असं फोनने विचारलं. सत्यभामाबाईंनी तो कधी टाइप केलेलाच नव्हता. रीनाने निशाचं नाव घालून पाहिलं, काकांचं, साकोलीचं, जुन्या क्वार्टरचा नंबर. मग त्याने जन्मतारीख विचारली. आधार कार्डावर सत्यभामाबाईंची जन्मतारीख एक जानेवारी होती, त्यांच्या पिढीतल्या निम्म्या माणसांची असते तशी. ती चालली नाही.

"काकू, निशाने कोई और तारीख डाली है," रीना म्हणाली. "तिने तुमचा बड्डे कोणता ठेवला असन?"

सत्यभामाबाईंनी खूप आठवून पाहिलं. मुलीने आपल्याला कुठला जन्मदिवस दिला हे त्यांना माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि आपण हसण्यावारी नेलं होतं?

रीनाने त्यांच्या आधार कार्डाचा फोटो काढून पाठवला. कार्डावर सत्यभामाबाई शामराव गजभिये होतं, खात्यावर नुसतं सत्यभामा गजभिये. फोनने कॅमेऱ्यासमोर तोंड धरायला सांगितलं तेव्हा चष्मा काढा म्हणाला, मग उजेड कमी आहे म्हणाला, मग कार्डावरच्या फोटोशी चेहरा जुळत नाही म्हणाला. कार्डावरचा फोटो जुना होता. त्यात त्यांचे गाल भरलेले होते. शेवटी पडद्यावर एक वाक्य आलं आणि रीनाने ते वाचून दाखवलं, की हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटत नाही.

"मंग कोणाचं हाय म्हणते?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

ते तो सांगत नाही, असं रीना म्हणाली. एकच रस्ता उरला होता. खात्याला जुना नंबर जोडलेला होता. तो परत चालू झाला तर त्यावर कोड येईल. पण तो नंबर शामरावांच्या नावावर होता. नवं सिम काढायचं तर त्यांनाच दुकानात जावं लागणार होतं.

मार्च लागला होता. शामराव अंगणात कूलर उघडून बसले होते, त्याच्या जाळ्यांतली जुनी सडलेली, गवतासारखी घास काढून नवी भरत होते. सत्यभामाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि तो ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

"मले तुमचा अंगठा पाहिजे," त्या म्हणाल्या.

"कायले?"

"जुना नंबर काढाले."

शामरावांनी मान वर केली. तेच तेच कशाला, असं काहीतरी ते बोलणार होते.

"निशा त्याच्यावर हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या.

हे नाव त्या घरात कितीतरी दिवसांनी मोठ्याने उच्चारलं गेलं होतं. शामरावांनी खाली बघून घास भरणं चालू ठेवलं. एक जाळी पूर्ण भरली, तिच्या तारा पिळल्या, दुसरी पुढे ओढली. सत्यभामाबाई हलल्या नाहीत. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आज ते काहीही म्हणोत, ऐकून घ्यायचं आणि परत विचारायचं.

"कवापासून?" शामरावांनी विचारलं.

"गेली तवापासून."

"रोज?"

"रोज."

शामरावांनी दुसरी जाळी भरून बाजूला ठेवली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"चांगली हाय का?" शामराव म्हणाले.

"होती. जानेवारीपर्यंत होती. आता मले मालूम नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शामरावांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आधार कार्ड खिशात टाकलं आणि स्कूटर बाहेर काढून म्हणाले, चाल.

सुपेल्याच्या दुकानात गर्दी नव्हती. दुकानदाराने काळी डबी पुढे केली, शामरावांनी तिच्यावर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. दुसरा अंगठा, पुन्हा लाल. दुकानदाराने फडक्याने हात पुसायला सांगितलं, मग बोटं केसांत चोळून त्यांना थोडं तेल लावायला सांगितलं, एकेक करून दहाही बोटं ठेवून झाली. शामरावांना हे नवीन नव्हतं. दरवर्षी पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत असं सांगायला जायचं तेव्हाही हेच होत असे. भट्टीच्या दारांनी बोटांवरच्या रेघा कधीच नेल्या होत्या. एरवी ते चिडून मशिनीला दोन शिव्या घालून येत. आज ते मुकाट्याने बोटं पुसून पुन्हा पुन्हा ठेवत राहिले. पाठीमागे स्टुलावर बसलेल्या सत्यभामाबाईंना त्यांचं ते वाकलेलं डोकं दिसत होतं.

दुकानदार म्हणाला, चेहऱ्याने करून पाहू. त्याने फोन शामरावांच्या तोंडासमोर धरला.

"अंकल, आँख झपकाइए."

शामरावांनी डोळे मिचकावले. जरा हळू, असं दुकानदार म्हणाला. त्यांनी हळू मिचकावले. तिसऱ्या खेपेला पडद्यावरचं वर्तुळ हिरवं झालं.

संध्याकाळी नंबर चालू झाला आणि दुसऱ्या दिवशी दोघंही नेहरू नगरला गेले. रीनाने शामरावांना पाहिलं आणि ती गडबडून उभी राहिली. निशाच्या घरी आईशिवाय कोणाला हे ठाऊक आहे असं तिला वाटलं नव्हतं. शामरावांनी तिला, बस बेटा, म्हटलं आणि स्वतः भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले.

जुन्या नंबरवर कोड आला. रीनाने तो टाकला. सत्यभामाबाई पुढे सरकल्या. पण निळा चौकोन उघडला नाही. त्याने आणखी एक खात्री मागितली. खातं काढताना जो दुसरा ईमेल दिला होता त्यावर आणखी एक कोड पाठवतो, तो टाका, असं म्हणाला. ईमेलची सुरुवातीची दोन अक्षरं दिसत होती, पुढे सगळे ठिपके.

"एन, आय," रीनाने वाचलं. मग ती थांबली. "काकू, हा निशाचा आहे. तिने स्वतःचा ईमेल दिला होता."

म्हणजे दार उघडायची किल्ली दाराच्या पलीकडेच राहिली होती. रीनाने निशाचा जुना ईमेल आठवून त्यावर लिहून पाहिलं, ते परत आलं. ठिपक्यांच्या जागी आणखी काही काही घालून पाहिलं. मग तिने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली की आता काही होण्यासारखं नाही.

सत्यभामाबाई पडद्याकडे बघत होत्या. तिथे एक बटण होतं, त्यावर लिहिलं होतं, कोड पाठवा.

"हे दाबलं तर कोड कोणाकडे जाते?" त्यांनी विचारलं.

"निशाकडे."

"खरोखर जाते? आता दाबलं तर आता?"

"हो काकू, लगेच. तिच्या फोनवर दिसन की कोणी तरी तुमचं खातं उघडून राहिलं."

"मंग दाब," सत्यभामाबाई म्हणाल्या.

रीनाने दाबलं. तिघंही पडद्याकडे बघत राहिले, जसं काही पलीकडून कोणी आता उठून येईल. रीनाने समजावून सांगितलं की निशाला यात आपला आवाज नाही ऐकू येणार, आपलं नावही नाही दिसणार, फक्त सहा आकडे जातील आणि खाली लिहिलेलं असेल की ही मागणी तुम्ही केली नसेल तर दुर्लक्ष करा. सध्या फसवणुकीचे इतके प्रकार चालू आहेत, ती चोर समजून सोडून देईल. सत्यभामाबाईंनी ऐकून घेतलं. त्या फोन उराशी धरून ऑटोऐवजी स्कूटरवर मागे बसून घरी आल्या, आणि त्यांना वाटत राहिलं की आज कितीतरी दिवसांनी आपल्याकडून तिच्याकडे काहीतरी गेलं.

पहिले दोन-तीन दिवस त्यांनी सारखं सारखं दाबलं. मग खात्याने सांगितलं, फार प्रयत्न झाले, नंतर या. रीना फोनवर म्हणाली की दिवसातून एकदाच करा, नाही तर कायमचं बंद करून टाकेल. तेव्हापासून ते काम शामरावांनी आपल्याकडे घेतलं. सकाळी फिरून आले की चहाच्या आधी ते पडवीत बसायचे, चष्मा लावायचे, जुन्या नंबरवरचा कोड टाकायचे आणि मग ते दुसरं बटण दाबायचे. सत्यभामाबाई बाजूला उभ्या असायच्या. झाल्यावर त्या म्हणायच्या, गेला? ते म्हणायचे, गेला.

शामरावांनी आणखीही काही काही केलं. आपल्या फोनातला ब्लॉक काढला आणि निशाच्या जुन्या नंबरला फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं बाईच्या आवाजात ऐकू आलं. तरी ते दोनदा पूर्ण ऐकत उभे राहिले. निशाच्या नर्सिंग कॉलेजात गेले. तिथल्या बाबूने सांगितलं की जुन्या विद्यार्थिनींचे पत्ते कोणालाही देता येत नाहीत. मी बाप आहे, शामराव म्हणाले. बाबू म्हणाला, तसं तर कोणीही म्हणेल. हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. बरोबरच आहे त्याचं, असं म्हणाले. त्याले कसं मालूम पडन.

चौदा एप्रिलची जयंती आली. विहारापासून मिरवणूक निघाली, निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, चौकात सरबताचे ड्रम. सत्यभामाबाई बायकांच्या रांगेत चालत होत्या. पुढे एक मुलगी निशासारखी वेणी घालून चालली होती, तिच्याकडे बघत बघत त्या सबंध रस्ता चालल्या. तिचं तोंड बघायचं त्यांनी टाळलं. त्या दिवशीही शामरावांनी सकाळी बटण दाबलं होतं.

मे महिन्यात ऊन इतकं तापलं की सकाळी नऊलाच दारं लावून घ्यावी लागत. अशाच एका सकाळी शामरावांच्या फोनवर एक लांबलचक, परदेशी नंबर आला. असे नंबर उचलायचे नाहीत, हे प्लांटच्या निवृत्त लोकांच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी बजावत असे. शामरावांनी उचलला.

पलीकडून एका बाईने हिंदीत, अगदी तुटक विचारलं, की कोण बोलतंय.

"शामराव गजभिये."

पाठीमागे कुठेतरी एक ट्रॉली गेल्याचा आवाज आला.

"बाबा?"

शामरावांनी स्वयंपाकघराकडे हात केला, पण सत्यभामाबाई आधीच दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना आवाज ऐकू आला नव्हता, नवऱ्याचं तोंड दिसलं होतं.

निशा भरभर बोलत होती. आईच्या खात्याचे कोड तिला रोज येत होते. आधी वाटलं, फोन चोरणारा कोणी आहे. तिने लक्ष दिलं नाही. पण ते थांबेनात, आणि प्रत्येकावर जागा लिहिलेली असायची, भिलाई. वेळही तीच. बाबा फिरून आल्यावरची.

"चोर रोज एकाच टायमाले येत नाई, बाबा," ती म्हणाली. "मंग मले भेव वाटलं. आईले काई झालं का?"

"काई नाई झालं. ते इथंच उभी हाय. फोन चोरी गेला तिचा." शामराव थांबले. "जेवली का तू?"

"ड्युटीवर हाय, बाबा."

सत्यभामाबाईंनी फोन घेतला आणि त्यांच्या तोंडून नुसतं, बाई गं, एवढंच निघालं. निशा रडत होती की काय ते ट्रॉलीच्या आवाजात नीट कळलं नाही. तिला कोणीतरी हाक मारली. ती म्हणाली की आता जावं लागेल, पण तो आजचा कोड माझ्याजवळ आहे, लिहून घ्या, आणि खातं उघडा, मी त्यात सगळं टाकलं आहे. शामरावांनी वर्तमानपत्राच्या कडेला सहा आकडे लिहिले. ती एकदा बोलली, त्यांनी पुन्हा वाचून दाखवले, ती हो म्हणाली आणि फोन ठेवला गेला.

खातं उघडलं. निळा चौकोन उघडला तसा त्यात जानेवारीपासूनचं सगळं एकाखाली एक पडलेलं होतं. सत्यभामाबाईंनी पहिल्या निरोपावर बोट ठेवलं.

"आई, रविवार हाय, तुझा फोन नाई लागून राहिला. रिचार्ज संपला काय? उद्या करते."

पुढचा दोन दिवसांनंतरचा होता. "आई, सांगायचं होतं ते असंच सांगून टाकते. एप्रिलमधे मले सुट्टी भेटून राहिली. जयंतीले घरी यावंसं वाटते. तू बाबाले विचारशील का? नाई म्हटले तरी चालते. फक्त सांग मले."

शामराव उठले, कूलर बंद करून आले आणि परत बसले.

"आई, विचारलं का?"

"आई, ऐकते ना तू? परवा सुट्टीच्या कागदावर सही करायची हाय."

मग बऱ्याच दिवसांचं अंतर होतं. त्यानंतरच्या निरोपात निशाचा आवाज अगदी साधा होता, दुकानात काही विचारावं तसा. "मी समजली, आई. तू वाईट नको वाटून घेऊ. तुले दोघांच्या मधे राहा लागते, मले कळते. सुट्टी मी सोनलले देऊन टाकली, तिची पोरगी लहान हाय, तिले जास्त गरज हाय." त्यापुढे बोललेलं काही नव्हतं. दोन-चार फोटो होते, खिडकीचा, एका वाढदिवसाच्या केकचा. मग तेही नव्हते.

सत्यभामाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. तिने सबंध मार्च महिना वाट बघितली होती आणि इथे आपण कोड पाठवत होतो, रोज, तिला. ते सहा आकडे तिच्यापर्यंत पोचत होते आणि त्यांत एक शब्दही जात नव्हता.

"तो दुसरा पुन्हा लाव," शामराव म्हणाले.

सत्यभामाबाईंनी लावला. तू बाबाले विचारशील का, इथपर्यंत ऐकून शामरावांनी फोन आपल्याकडे घेतला आणि बोलायचं कुठे ते विचारलं. सत्यभामाबाईंनी दाखवलं.

"निशा," ते म्हणाले. "तुझ्या आईनं मले आता विचारलं. आधी नाई विचारलं, तिच्यापाशी तुझा निरोपच नव्हता. आता विचारलं. तू ये. जवा भेटन तवा ये." एवढं बोलून त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला.

निशाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ती आईशी पुष्कळ बोलली, बापाशी थोडं. सुट्टी आता पुढच्या वर्षाशिवाय नाही, ती म्हणाली, दवाखान्याचा नवा करार आहे, तरी मी विचारून बघते. सत्यभामाबाई म्हणाल्या, बघ. आवाज तोच होता, पण मधेमधे ती शब्द शोधत होती, आणि हसली तरी लगेच गप्प होत होती. त्या महिन्यांचं काहीतरी तिच्यात राहून गेलं होतं. ते फोनवरून निघण्यातलं नव्हतं.

त्या दुपारी जेवण झाल्यावर शामराव नेहमीसारखे आडवे झाले नाहीत. खुर्ची ओढून ते बायकोजवळ येऊन बसले आणि म्हणाले, सुरुवातीपासून दाखव.

सत्यभामाबाईंनी बोटाने वर वर सारत नेलं, थेट पहिल्या फोटोपर्यंत. विमानतळावर उभी असलेली निशा, खांद्याला नवी बॅग.

"ही बॅग कोणती? ही आपली नाई."

"रीनानं देली होती."

पुढच्या फोटोत एक खोली होती, दोन पलंग. हा तिचा, खिडकीजवळचा, सत्यभामाबाई सांगू लागल्या. ही सोनल. ही म्हातारी वॉर्डातली, ही वारली मागच्या वर्षी, निशा दोन दिवस जेवली नाही. हा समुद्र. इथे ती पहिल्यांदा पोहायला गेली, पाण्याला भेत होती. शामराव प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ धरून बघत होते. कधी निशाकडे, कधी तिच्या मागच्या भिंतीवर काय लावलंय त्याच्याकडे. हे कोण, ते विचारत, हे कवाचं, आणि सत्यभामाबाई सांगत. एका फोटोत निशा कशावर तरी मनापासून हसत होती आणि तिचा समोरचा एक दात जरासा तुटलेला होता.

"हा दात कसा तुटला?"

"पायरीवर पडली. सांगतलं होतं तिनं मले."

"मले नाई मालूम," शामराव म्हणाले.

सत्यभामाबाई पुढचा फोटो काढू लागल्या, तर ते म्हणाले, थांब, राहू दे हा जरा वेळ.